ग्रामीण रुग्णालयाची हीटिंग व्यवस्था तेलावरून लाकडावर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंड प्रदेशातलं, शहरापासून लांबचं एक लहान रुग्णालय. तळघरात तेलावर चालणारा जुना बॉयलर, आणि दर हिवाळ्यात तेलाच्या बिलावरून होणारी तीच बैठक. अशा ठिकाणचे व्यवस्थापक, देखभालीचे अभियंते आणि अधूनमधून एखादे डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अवघड पुढे येतात. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लाकडावर जायचं म्हणजे नेमकं काय बदलतं? वॉर्डांतले रेडिएटरही काढावे लागतात का?

नाही. पाणी कशावर तापलं याच्याशी रेडिएटरला देणंघेणं नसतं. बदल होतात ते बॉयलरच्या खोलीत आणि तिच्या बाहेर: नवा बॉयलर, जळणाची कोठी, कोठीतून जळण पुढे सरकवणारा स्क्रू, गरम पाण्याची मोठी बफर टाकी, वेगळं धुराडं, राखेची पेटी आणि ट्रक वळेल एवढं आवार. आवाराची आठवण बहुतेकांना सगळ्यात शेवटी होते. तेलाचा टँकर लांबून नळी टाकून मोकळा होतो. लाकडाचा ट्रक मात्र मागे घ्यावा लागतो आणि माल ओतावा लागतो. हे सगळं रुग्णवाहिकेची वाट न अडवता व्हायला हवं.

इमारतीत वाफेचं जुनं जाळं असेल तर गोष्ट वेगळी. प्रश्न ९ पाहा.

२. ओंडके, ढलप्या की पेलेट?

ओंडके रुग्णालयासाठी बाद समजा. दिवसातून दोन-तीनदा हातानं भरणी करायला माणूस लागतो, आणि तो आजारी पडला की वॉर्ड गारठतो.

उरतात दोन. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्यांत ओल दहा टक्क्यांच्या आत असते, घनमीटरला साधारण ६५० किलो भरतात आणि दर खेपेला माल जवळपास सारखा येतो. ढलप्या (बाजारात सगळे चिप्सच म्हणतात) स्वस्त असतात आणि आसपासच्या जंगलातून किंवा सॉ मिलमधून मिळू शकतात. पण त्या सुमारे तिप्पट-चौपट जागा खातात आणि त्यांची प्रत दर खेपेला बदलते.

माझं मत विचाराल तर रुग्णालय लहान, जागा तोकडी आणि देखभालीला एकच माणूस असेल, तर जास्त पैसे मोजून पेलेट घ्या. ढलप्यांची बचत खरी आहे, पण ती कोणाच्या तरी रोजच्या कष्टातून येते.

३. पुरवठादार म्हणतो लाकूड उत्तम जातीचं आहे. मग ओल एवढी तपासायची कशाला?

कारण वजनावर घेतलं तर जातीनं फारसा फरक पडत नाही, ओलीनं पडतो. पूर्ण सुक्या लाकडात, मग ते कुठल्याही झाडाचं असो, किलोमागे सुमारे ५ किलोवॅट-तास उष्णता असते. ओल ३० टक्के असेल तर ती ३.४ च्या आसपास येते आणि ५० टक्के असेल तर जेमतेम २.२ उरते. नुकतं तोडलेलं झाड साधारण याच शेवटच्या अवस्थेत असतं. त्यातलं पाणी आधी उकळून धुराड्यातून जातं, मग उरलेल्या उष्णतेतून वॉर्ड तापतो.

इथे एक जुना घोळ आहे. बॉयलरवाले ओल मोजतात ती ओल्या मालाच्या एकूण वजनाच्या तुलनेत. लाकूडकाम करणारे बरेच जण ती सुक्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत सांगतात. पहिल्या हिशेबानं जी ५० टक्के, तीच दुसऱ्या हिशेबानं १०० टक्के. करारात कुठला हिशेब धरला आहे ते लिहिलं नसेल तर भांडण ठरलेलं.

तपासणी अवघड नाही. ढिगाच्या वरचा थर उन्हावाऱ्यानं सुकलेला असतो, तो फसवतो. म्हणून ट्रक रिकामा होत असताना पाच-सहा ठिकाणांहून मूठ-मूठ माल घ्या, एकत्र करा आणि वजन करा. १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा आणि पुन्हा वजन करा. रुग्णालयात चांगले तराजू असतात, पण प्रयोगशाळेच्या ओव्हनकडे नजर टाकू नका. मी एकदा विनंती करून पाहिली आहे. तिथल्या बाईंनी माझ्या हातातल्या सालीच्या तुकड्यांकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर मी वेगळा ओव्हन विकत घेतला.

४. वर्षाला किती जळण लागेल?

तेलाच्या बिलांवरून काढा, इमारतीच्या क्षेत्रफळावरून नको. एक लिटर हीटिंग तेलात साधारण १० किलोवॅट-तास असतात. समजा वर्षाला एक लाख लिटर तेल जळतं. तेवढीच ऊर्जा लाकडातून घ्यायची तर पेलेट सुमारे २१० टन, म्हणजे ३२० घनमीटर लागतील. ३० टक्के ओलीच्या ढलप्या जवळपास २९० टन, म्हणजे बाराशे ते तेराशे घनमीटर लागतील.

हा वार्षिक आकडा खरेदीच्या कामाचा आहे. कोठी मात्र सगळ्यात थंड आठवड्यावर बेतायची. २५० किलोवॅटचा बॉयलर दिवसरात्र पूर्ण ताकदीनं चालला तर रोज सुमारे दोन टन, म्हणजे नऊ घनमीटर ढलप्या खातो. चाळीस घनमीटरचा ट्रक साडेचार दिवसांत संपतो. नेमका त्याच आठवड्यात बर्फानं रस्ता बंद होतो. शिवाय नवा ट्रक रिकामा करायचा तेव्हा कोठीत जुना माल अजून शिल्लक असायला हवा. म्हणून या उदाहरणात ७० घनमीटरपेक्षा लहान कोठी मी बांधणार नाही. तिरप्या तळामुळे वाया जाणारी जागा यात धरलेली नाही.

५. जुना बॉयलर ४०० किलोवॅटचा आहे. नवाही तेवढाच घ्यायचा ना?

बहुतेक वेळा नको. जुने बॉयलर आधीच गरजेपेक्षा मोठे बसवलेले असतात. आणि खरोखर ४०० किलोवॅट लागतच असले, तरी ते वर्षातल्या मोजक्या थंड दिवसांतच लागतात. लाकडाचा बॉयलर कमाल गरजेच्या ६० टक्क्यांच्या आसपास घेतला, तरी वर्षभराच्या उष्णतेचा ८० ते ९० टक्के भाग त्यातून निघतो. उरलेलं शिखर जुना बॉयलर सांभाळतो.

मोठा बॉयलर घेण्यात पैसे वाया जातात, त्याहून वाईट म्हणजे तो नीट जळत नाही. लाकडाचे बरेचसे बॉयलर आपल्या ताकदीच्या ३० टक्क्यांखाली सुखानं चालत नाहीत. मग ते पेटतात, विझतात, धुमसतात. धुमसणं म्हणजे धूर, डांबर आणि काजळी.

हे टाळायला बफर टाकी असते. किलोवॅटमागे २० ते ५० लिटर हा रुळलेला अंदाज आहे. पण तिच्याकडून भलती अपेक्षा नको: ६,००० लिटर पाणी ३० अंशांनी निवलं तर सुमारे २१० किलोवॅट-तास मिळतात. पूर्ण भारावर ही तासाभराचीही बेगमी नाही. टाकी चढउतार सोसते, बंद पडलेल्या बॉयलरची जागा घेत नाही.

आणखी एक: बॉयलरकडे परत येणारं पाणी साधारण ५५ ते ६० अंशांपेक्षा थंड असू नये. असलं तर धुरातली वाफ आतल्या पत्र्यावर थिजते आणि बॉयलर आतून गंजतो. परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारा झडप-पंपाचा संच खर्च वाचवण्यासाठी कधीही गाळू नका.

६. लाकडावर गेल्यावर तेलाचा बॉयलर भंगारात काढायचा का?

अजिबात नाही. शाळा दोन दिवस सुट्टी देऊ शकते, रुग्णालय देऊ शकत नाही. लाकडाच्या व्यवस्थेत फिरणारे, घासणारे, अडकणारे भाग बरेच असतात आणि दुरुस्तीचा माणूस लांबून येतो. तेलाचा बॉयलर एकट्यानं सगळा भार पेलेल अशा स्थितीत ठेवा, महिन्यातून एकदा खरोखर पेटवून पाहा आणि टाकीतलं तेल वापरून बदलत राहा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या तेलात पाणी आणि गाळ साचतो. तो नेमका गरजेच्या रात्री गाळणीत येऊन बसतो.

७. वीज गेली तर?

तेलाचा बर्नर वीज गेली की विझतो. लाकडाचे निखारे विझत नाहीत. पंप थांबलेला आणि आत धग चालू, अशा वेळी पाणी उकळू शकतं. म्हणून बॉयलरचे पंप, पंखे आणि नियंत्रण हे तिन्ही रुग्णालयाच्या आपत्कालीन जनरेटरवर असलेच पाहिजेत, आणि जनरेटरची चाचणी घ्याल तेव्हा हेही तपासा. जनरेटर सुरू होईपर्यंतचे क्षण आणि तो सुरूच झाला नाही तर, यासाठी अतिउष्णतेला आपोआप उघडणारं, विजेविना चालणारं संरक्षण लागतं.

८. उन्हाळ्यात फक्त अंघोळीचं पाणी तापवायचं असतं. तेव्हाही लाकूड चालवायचं?

बहुतेक ठिकाणी नाही. २५० किलोवॅटच्या बॉयलरला २०-३० किलोवॅटचं काम देणं म्हणजे प्रश्न ५ मधलं धुमसणं ओढवून घेणं. काही जण दिवसातून एकदा बॉयलर जोरात पेटवून टाकी भरून घेतात. ते चालतं, पण पाण्याचं तापमान घसरू देऊन चालत नाही.

लिजिओनेला हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात फोफावतो, आणि रुग्णालयात त्याची बाधा जीवघेणी ठरू शकते. वापरायचं गरम पाणी ६० अंशांवर साठवायचं आणि फिरून परत येताना ते ५० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. भाजू नये म्हणून थंड पाणी मिसळायचं ते नळापाशी. बफर टाकीतलं पाणी आणि नळाला येणारं पाणी कायम वेगळं, मध्ये उष्णता विनिमयक. जळण वाचवण्यासाठी कोणी तापमान खाली आणायचं सुचवलं, तर संसर्ग नियंत्रण समितीची लेखी संमती मागा. सूचना तिथेच थांबते.

९. ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) आणि धुलाईघराला वाफ लागते. ती लाकडावर काढता येईल का?

काढता येते, मोठी रुग्णालयं काढतातही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं कूली डिकिन्सन रुग्णालय १९८० च्या दशकातच ढलप्या जाळू लागलं होतं. लहान ठिकाणी मात्र मी नाही म्हणेन. ऑटोक्लेव्हला १३४ अंशांची वाफ लागते, तीही स्वच्छ. एवढ्यासाठी सगळी व्यवस्था दाबाखाली ठेवायची, तर कायद्यानं बॉयलरची तपासणी वाढते, प्रशिक्षित माणूस लागतो आणि गळक्या वाफनळ्यांतून उष्णता वाया जाते. ऑटोक्लेव्हपाशी छोटा विजेचा वाफजनक बसवा, बाकी इमारत गरम पाण्यावर न्या. जुनं वाफेचं जाळं बदलण्याचा खर्च डोळ्यांत भरतो, पण पुष्कळदा बचतीचा मोठा वाटा तिथूनच येतो.

१०. दम्याच्या रुग्णांच्या उशाला धूर सोडायचा का?

हा प्रश्न डॉक्टर विचारतात आणि तो रास्त आहे. लाकूड तेलापेक्षा किंवा गॅसपेक्षा जास्त बारीक कण सोडतं, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण उघड्या चुलीचा धूर आणि नीट चालणाऱ्या स्वयंचलित बॉयलरचा धूर यांची तुलना होत नाही. युरोपीय संघात १ जानेवारी २०२० पासून ५०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या स्वयंचलित बॉयलरना घनमीटरमागे ४० मिलिग्रॅम कणांची मर्यादा आहे. रुग्णालयासाठी मी त्यावर समाधान मानत नाही. विद्युतस्थितिक गाळणी किंवा कापडी पिशव्यांची गाळणी अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. नुसतं चक्रीवादळी पद्धतीचं धूळपात्र, ज्याला सायक्लोन म्हणतात, जाड राख पकडतं. फुप्फुसात खोल जाणारे कण त्यातून निसटतात.

धुराडं आजूबाजूच्या छपरांपेक्षा पुरेसं उंच हवं. शस्त्रक्रियागृहाची हवा जिथून आत ओढली जाते त्या बाजूला वाऱ्याचा नेहमीचा रोख जात नाही ना, ते आधी पाहा. पेटवताना आणि ओलं जळण आल्यावर सगळ्यात जास्त धूर होतो. म्हणजे प्रश्न ३ आणि ५ नीट सोडवले की हा प्रश्न अर्धा हलका होतो.

११. ढलप्यांच्या ढिगातून वाफ येते. ढीग पेटेल का?

ढीग गरम होतो तो आतल्या जिवाणू-बुरशीमुळे. ओला, बारीक, उंच रचलेला माल जास्त तापतो आणि फार मोठे ढीग क्वचित आपोआप पेटतातही. लहान कोठीत आगीपेक्षा मला बुरशीची जास्त काळजी वाटते, आणि रुग्णालयात तर विशेष.

उबदार, ओलसर ढलप्यांत ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी मजेत वाढते. निरोगी माणूस तिचे बीजाणू रोज थोडेफार हुंगतो आणि त्याला काही होत नाही. पण केमोथेरपी चालू असलेला किंवा प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण असेल तर तीच बुरशी फुप्फुसात मूळ धरू शकते. ट्रक ओतला जातो त्या दोन मिनिटांत कोठीच्या दारातून करड्या धुळीचा लोट उठतो; सकाळच्या तिरप्या उन्हात तो नीट दिसतो. त्या वेळी समोरच्या वॉर्डाची खिडकी उघडी असता कामा नये.

म्हणून कोठी हवेच्या आगमन-झरोक्यांपासून दूर ठेवा. माल ओल ३० टक्क्यांखाली आणून मगच घ्या. ढलप्या महिनोन्‌महिने साठवू नका. साठवायचंच असेल तर ओंडके साठवा, ते उन्हात सुकवा आणि लागतील तशा ढलप्या करा. जो आधी आला तो माल आधी जळायला हवा. कोपऱ्यात वर्षभर पडून राहिलेला ढीग म्हणजे बुरशीची नर्सरी. कोठीत काम करणाऱ्याला साधं कापडी फडकं पुरत नाही, बारीक कण अडवणारा मास्क लागतो.

१२. पेलेट तर कोरडे असतात. त्यांच्या कोठीत उतरायला हरकत नाही ना?

हरकत आहे, आणि ही या पानावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ समजा. पेलेट साठवणीत असताना त्यांतली स्निग्धाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि ऑक्सिजन घटतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आग नाही, धूर नाही, समोर नुसत्या कांड्यांचा ढीग, त्यामुळे माणूस बेसावध राहतो. २००६ मध्ये स्वीडनच्या हेलसिंगबोर्ग बंदरात पेलेट घेऊन आलेल्या जहाजावर एका खलाशाचा असाच बळी गेला.

कोठीला बाहेर उघडणारी वायुवीजनाची वाट हवी, दाराला कुलूप हवं. आत जायचंच झालं तर आधी बॉयलर बंद करून कोठी हवेशीर होऊ द्या, मीटरनं वायू मोजा आणि दुसरा माणूस बाहेर उभा ठेवा. आतला माणूस कोसळला तर बाहेरच्यानं आत उडी घ्यायची नाही, मदत बोलवायची.

१३. कोठी भरलेली दिसते, तरी बॉयलर “जळण नाही” असं दाखवतो. बिघाड कुठे?

बहुतेक वेळा कमान झालेली असते. लांबट काटक्या, सालीचे पट्टे किंवा थंडीनं गोठलेला ओला माल एकमेकांत गुंतून स्क्रूच्या वर पूल धरतो. खाली पोकळी, वर ढीग. एका पहाटे मी असाच ढीग पाहून पुरवठ्याकडे दुर्लक्ष केलं आणि दोन तास सेन्सर बदलत बसलो. शेवटी बाजूच्या झरोक्यातून टॉर्च मारला, तेव्हा स्क्रू रिकामाच फिरताना दिसला.

लांब दांड्यानं बाहेरून कमान पाडायची. तिच्यावर पाय द्यायचा नाही. ती कोसळली तर माणूस थेट स्क्रूवर जातो. हे वारंवार होत असेल तर दोष मालाचा आहे. करारात ढलप्यांचा आकार आणि सालीचं प्रमाण ठरवून घ्या. आयएसओ १७२२५ या मानकात त्यासाठी प्रती दिलेल्या आहेत, त्यांचीच भाषा वापरा.

१४. पैसे टनावर द्यावेत, घनमीटरवर की उष्णतेवर?

टनावर दिले तर पुरवठादाराला पाणी विकणं परवडतं. घनमीटरवर दिले तर वाटेत ट्रक हादरून माल किती बसला यावर वाद होतो. बॉयलरनंतरच्या उष्णतामापकावर दिले तर पुरवठादार म्हणतो, तुमचा बॉयलर नीट जळत नाही त्याला मी काय करू.

छोट्या रुग्णालयाला मी टनाचा भाव सुचवतो, पण दर खेपेला मोजलेल्या ओलीनुसार कमी-जास्त होणारा. ठरलेल्या मर्यादेवरचा माल परत पाठवायचा हक्क लेखी हवा. आणि तो एकदा तरी वापरा.

१५. राखेचं काय करायचं?

स्वच्छ ढलप्यांची राख साधारण एक टक्का, पेलेटची त्याहून कमी. २९० टनांमागे तीनेक टन. तळाची राख कॅल्शियम-पोटॅशियममुळे जमिनीला चालते. धुराच्या गाळणीतली बारीक राख मात्र वेगळी ठेवा, कारण कॅडमियमसारखे जड धातू तिच्यात साचतात. राख नेहमी झाकणाच्या लोखंडी पिंपात काढा. वरून गार दिसली तरी आत निखारा दिवसभर जिवंत राहतो.

राखेऐवजी काचेसारखे कडक खंगर निघत असतील तर जळणात माती, वाळू किंवा जास्त साल आली आहे.

१६. जुनं फर्निचर, रंगवलेल्या फळ्या, रुग्णालयाचा कचरा यातच जाळला तर?

नाही, नाही आणि नाही. रंग आणि संरक्षक रसायनं लावलेल्या लाकडात शिसं, आर्सेनिक, क्रोमियम असू शकतं. प्लायवुडमध्ये डिंक असतो. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी वेगळी भट्टी, ठरावीक तापमान आणि वेगळा परवाना लागतो. हीटिंगचा बॉयलर त्यासाठी बनलेला नाही.

१७. प्रवेशद्वाराशी “कार्बनमुक्त रुग्णालय” अशी पाटी लावू शकतो का?

मी लावणार नाही. धुराड्याच्या तोंडाशी मोजलं तर लाकूड तेलापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं: आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या प्रमाण आकड्यांत लाकडासाठी ऊर्जेच्या दर गिगाज्यूलमागे ११२ किलो, तेलासाठी ७४. लाकडाची बाजू उभी राहते ती झाड पुन्हा वाढतं या आधारावर. सॉ मिलचा उरलेला माल किंवा जंगल विरळ करताना निघालेलं लाकूड, जे नाहीतरी कुजणारच होतं, ते जाळलं तर हिशेब लवकर जुळतो. उभी, चांगली झाडं यासाठी तोडली तर तो जुळायला दशकं लागतात. पाटीवर जळण कुठून येतं ते लिहा, पुरेसं आहे.

१८. कोणत्या रुग्णालयानं या वाटेला जाऊच नये?

ज्याच्या छताला आणि खिडक्यांना अजून ऊबरोधक थर नाही, त्यानं आधी तो खर्च करावा. नाहीतर नंतर बॉयलर मोठा ठरतो. ज्याला ढलप्यांचा एकच पुरवठादार आहे आणि दुसरा शोधूनही मिळत नाही, त्यानं पेलेट घ्यावेत किंवा थांबावं. ज्याचं आवार ट्रकला वळू देत नाही, त्यानंही थांबावं.

आणि जिथे “बॉयलर रोज सकाळी कोण पाहणार?” या प्रश्नावर बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहतात, तिथेही. काम अर्ध्या तासाचं आहे: राखेची पेटी, स्क्रूचा आवाज, कोठीतली पातळी, वहीत चार आकडे. त्या वहीवर नाव कोणाचं, ते निविदा काढण्याआधी ठरवा. सुट्टीतला बदली माणूसही तेव्हाच.